बत्तीस बिट आणि आमचे मामेसासरे

आमच्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात एकही व्हिडिओ गेम जिंकला नाही, आणि तरीही कुठलं मशीन किती ताकदीचं आहे हे त्यांच्याइतक्या खात्रीने सांगणारा माणूस पेणपासून रोह्यापर्यंतच्या साऱ्या पट्ट्यात झाला नसेल. मी ‘खात्रीने’ म्हणतो आहे, ‘बरोबर’ म्हणत नाही. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो. गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. मी तेव्हा पेणला बँकेत होतो आणि मामा रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होते. पन्नाशी उलटलेली, डोक्यावर केस बेताचे, मिशा मात्र दोघांना पुरतील इतक्या, आणि अंगात बाराही महिने अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट. अशा माणसाने रिटायर व्हायची वाट बघत गुडघेदुखीवर बोलावं, फार तर सरकारवर बोलावं. मामा बोलायचे ते मशीनच्या ताकदीवर, आठ बिट, सोळा बिट आणि बत्तीस बिटांवर. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा वाटलं होतं, पगार विचारतील, घरची शेती विचारतील. त्यांनी माझ्या वाटीत आमरस घातला आणि म्हणाले, “जावईबापू, तुमच्या बँकेतला कॉम्प्युटर थ्री-एटी-सिक्स का फोर-एटी-सिक्स?” मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांदा आमरस मामींनीच वाढला.

हे वेड त्यांना लागलं ते कंपनीमुळे. मामांची सगळी नोकरी बॉयलरच्या काट्यांसमोर गेली होती. काटा कुठे आहे, कुठे असायला हवा, आणि तो हलला तर कुठला व्हॉल्व्ह किती फिरवायचा, एवढंच काम. पण त्यात चूक झाली तर अख्खी शिफ्ट उडायची, म्हणून मामा ते अगदी जीव लावून करत. मग एक दिवस मुंबईहून माणसं आली आणि त्यांनी काट्यांशेजारी एक कॉम्प्युटर बसवला. आता काट्यांकडे तो बघणार, आणि तो बघतोय ना एवढं मामांनी बघायचं. दुसरा एखादा चिडला असता, युनियनकडे गेला असता. मामांना भलताच प्रश्न पडला: आपलं काम एकट्याने करणारा हा डबा आहे तरी किती ताकदीचा? कॉम्प्युटर बसवायला आलेल्या इंजिनिअरला त्यांनी तसं विचारलं. त्याने जेवणाच्या सुट्टीत त्यावर मोटारींच्या शर्यतीचा गेम लावून दाखवला. मामांनी मशीनच्या पाठीला तळहात लावला. सकाळभर बॉयलर सांभाळताना कोमट असलेलं ते मशीन गेम लावल्यावर चांगलंच तापलं होतं. “म्हणजे बॉयलर सांभाळणं सोपं आणि गेम चालवणं अवघड,” मामा मला सांगायचे. “इतकी वर्षं मी उगाच मिजास करत होतो.”

तेव्हापासून मामांचं मत पक्कं झालं की मशीनची खरी परीक्षा फक्त गेम घेतो. टायपिंग नि हिशेब म्हणजे रिकामी एसटी सपाटीला चालवणं. गेम म्हणजे भरलेली एसटी सुकेळी खिंडीत. स्वतः मामांना खेळता मुळीच येत नसे, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. त्यांची गाडी सुरू झाली की पहिल्याच वळणावर भिंतीत जाई, आणि मामा तिथेच थांबत. बाकीच्या गाड्या शर्यत संपवून मोकळ्या व्हायच्या, तरी मामा आपले भिंतीला नाक लावून. “विटा बघा, विटा. एवढं जवळ आलो तरी वीट ती वीटच ऱ्हायली. हलक्या मशीनवर नुसते चौकोन दिसतात.” एकदा मी भीत भीत म्हटलं, “मामा, जरा पुढे जाऊन बघू या का? पुढच्या वळणावर समुद्र लागतो म्हणतात.” “समुद्र रेवदंड्याला पण हाय,” मामा म्हणाले आणि त्यांनी गाडी आणखी एका भिंतीवर नेली.

कंपनीने स्वेच्छानिवृत्ती काढली तेव्हा मामा पहिल्या फटक्यात बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईहून पेंटियम कॉम्प्युटर आणला. मामी सगळ्यांना सांगायच्या, “ह्यांनी कंपनी सोडली नि बॉयलर घरी आणला.” मामी मूळच्या पेणच्या. पोह्याचे पापड हा त्यांचा प्राण. ढगाळ हवेत पापड वाळेनात तेव्हा त्यांनी नाइलाजाने दोन-चार पापड कॉम्प्युटरच्या डोक्यावर टाकले. मामा भडकतील असं वाटलं होतं. मामा खूष झाले. तळहाताने नुसता अंदाज यायचा, आता त्यांना मोजमाप मिळालं होतं. कुणाच्या घरी नवीन मशीन आलं आणि मामांना बघायला बोलावलं की मामा खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला ओला पापड काढत. यजमानीणबाईंना वाटे पाहुण्यांनी खाऊ आणला, आणि त्या तळायला न्यायला हात पुढे करत. मामा तो त्यांच्या हाताखालून काढून मशीनवर ठेवत, गेम लावायला सांगत, चहा घेत, आणि चहा संपला की पापड मोडून बघत. पापड कडकन मोडला तर मशीन भारी. वाकला तर मामा यजमानांच्या पाठीवरून हात फिरवत आणि म्हणत, “असू द्या. शिकायला बरं हाय.”

आणि तरीही लोक त्यांना बोलावत. रोह्यात तेव्हा टीव्हीला जोडायचा गेम किंवा कॉम्प्युटर घ्यायचा म्हणजे घरात लग्न काढण्याइतका खल व्हायचा, आणि दुकानदार एक सांगे, मुंबईचा पाहुणा दुसरंच सांगे. मामा रद्दीच्या दुकानातून इंग्रजी मासिकं आणून, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत. त्यांच्या बोलण्यात मेगाहर्ट्झ यायचं, रॅम यायची, आणि मधूनच बॉयलरचं प्रेशर यायचं, त्यामुळे ऐकणाऱ्याला सगळं कळलं नाही तरी भरवसा वाटे. बाजारातून ते निघाले की कुणीतरी हमखास थांबवायचं, “मामा, चौसष्ट बिटवाला आला म्हणतात, थांबू का घेऊ?” या प्रश्नाने मामांचा चेहरा असा उजळायचा की मामी म्हणायच्या, “मुलगी झाली तेव्हा पण ह्यांचं तोंड एवढं हसरं नव्हतं.” हळूहळू त्यांनी माणसांनाही बिट लावले. रोह्याचे एक पुढारी आठ बिटचे, तेही कॅसेट अडकलेले. मामी चौसष्ट बिटच्या, पण आवाज फार करतात. मला त्यांनी सोळा बिट दिले आणि माझा चेहरा पडलेला बघून म्हणाले, “पण तुमचं कूलिंग चांगलं हाय जावईबापू. तापत नाय तुम्ही.”

साऱ्या जगात मामांपुढे न वाकणारा एकच माणूस होता, आणि तो मामांचा बालपणापासूनचा दोस्त होता. पेणजवळच्या जोह्याला त्यांचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. तिकडे मूर्तिशाळेला कारखानाच म्हणतात आणि मालकाला कारखानदार. दोघे पेणच्या शाळेत एका बाकावर बसलेले. मग एकाने वाफ धरली, दुसऱ्याने माती. मामा त्यांना ‘कारखानदार’ म्हणत आणि ते मामांना ‘बॉयलर’. कारखानदारांचा मुलगा आखातात नोकरीला होता. त्याने येताना बत्तीस बिटांचा, सीडीवर चालणारा परदेशी गेम आणला, मुलगा परत जाताना तो गेम घरीच राहिला आणि बापाने बळकावला. त्या डब्याचा करडा रंग कारखानदारांना बघवेना. त्यांनी मूर्तींचं सोनेरी काढून त्याला बारीक काठ ओढले आणि झाकणावर एक कमळ काढलं. मामांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं, “ह्याला विसर्जन कधी?” आणि तिथून दोघांचं जुंपलं.

रविवारी सकाळी मामा रोह्याहून निघायचे, पेणला उतरून मला घरातून उचलायचे आणि आम्ही जोह्याची एसटी धरायचो. मला न्यायचं कारण एवढंच, की भांडायला बघणारा लागतो. कारखान्यात ओळीने कच्च्या मूर्ती, शाडूचा ओला वास, आणि मधे कोपऱ्यात टीव्ही. मामा बसायच्या आधीच सुरू करत. “दोन मेगाबाइट रॅम. अरे, दोन मेगाबाइटमध्ये काय व्हतंय? माझ्याकडं सोळा हाय.” कारखानदार हातातली सोंड न सोडता म्हणत, “तुझी सोळा जाते कुठं पण? अर्धी तर उठून आळस द्यायला लागते. माझा बटन दाबला की पळतो.” मामा म्हणत, “पळतो, पण तापत नाय. पापड वाळत नाय त्याच्यावर.” “तापण्यात ताकद असती बॉयलर, तर मी आमच्या हिच्या चुलीवर गेम खेळलो असतो.” कारखान्यातली माणसं ब्रश थांबवून हसत, आणि मामांना चहा गोड लागत नसे.

खरं सांगायचं तर कारखानदार मामांपेक्षा चांगले पारखी होते, पण त्यांची पारख वेगळीच. ते मशीनकडे मूर्तिकाराच्या नजरेने बघत. त्या काळच्या गेममधली माणसं धावायची, उड्या मारायची, पण त्यांच्या हातांना बोटं नसत, मनगटापुढे नुसता गोळा. कारखानदारांना ते सहन होत नसे. “असा हात मी मूर्तीला ठेवला तर गिऱ्हाईक मूर्ती परत आणून माझ्या टकुऱ्यात घालंल,” ते म्हणत. मग मामांच्या कॉम्प्युटरवरही गोळाच निघाला की त्यांना बरं वाटे. पुढे पुढे मात्र त्यांनी बोटांचा विषय सोडला. आवाज बघ म्हणत, रंग बघ म्हणत. त्या वर्षी त्यांच्या मूर्तींचे रंगही जरा भडक झाले होते, आणि मूर्तींचे डोळे, जे आजवर त्यांनी दुसऱ्या कुणाला काढू दिले नव्हते, ते आता त्यांची सून काढत होती. “शिकू दे तिला,” ते म्हणाले. जोह्यात डोळे काढणारा हात म्हणजे कारखान्याचं नाव, म्हणून मला जरा आश्चर्य वाटलं होतं. पण रॅमच्या गोंधळात ते तिथेच राहिलं.

मग दसरा आला. कारखान्यात ब्रश, पाटे, साचे सगळ्याची पूजा मांडलेली. मामा आदल्या दिवशी घरच्या कॉम्प्युटरला झेंडूचा हार घालून आलेच होते. इथे त्यांना दिसलं की सगळ्याला हळदकुंकू लागलं, टीव्हीला लागलं, सायकलीला लागलं, पण सोनेरी काठांच्या त्या बिचाऱ्या डब्याकडे कुणी पाहिलंच नाही. भांडण भांडणाच्या जागी; मशीन ते मशीन. आता, बॉयलरची पूजा करताना भट्टीचं दार उघडतात आणि अक्षता आत टाकतात, बाहेरून केलेली पूजा आगीला पोचत नाही अशी बॉयलरवाल्यांची समजूत. मामांनी भक्तिभावाने त्या गेमचं झाकण उघडलं, हळदकुंकू वाहिलं, चिमूटभर अक्षता आत टाकल्या, हात जोडले आणि झाकण लावलं. संध्याकाळी कारखानदारांनी बटन दाबलं तेव्हा आतून जात्यासारखा घरघराट झाला आणि गेम बंद पडला.

“माझ्या मशीनला भात भरवलास तू,” कारखानदार म्हणाले. मशीन उलटं करून थोपटलं, तांदूळ निघाले, कुंकू पुसलं, आणि ते पुन्हा सुरू झालं. विषय तिथे संपला असता. पण मामांना राहवेना. “दोन दाण्यांनी बंद पडतंय, आणि म्हणे बत्तीस बिट.” कारखानदार उठून उभे राहिले. “तुझ्यात पायली वततो, चालतंय का बघू.” मग बराच वेळ दोघे एकदम बोलत होते. शेवटी ठरलं ते असं: एकच टीव्ही, एकच शर्यतीचा गेम, आधी मामांच्या कॉम्प्युटरवर आणि मग कारखानदारांच्या डब्यावर, जोह्याच्या कारखान्यात, सगळ्यांसमक्ष. ज्याचं मशीन हलकं ठरेल त्याने आपल्याच गावात, आपल्याच ओळखीच्या माणसांत उभं राहून तसं सांगायचं आणि मरेपर्यंत या विषयावर कुणाला सल्ला द्यायचा नाही. पंच म्हणून मला नेमलं. बँकेतला माणूस कुणाच्याच बाजूने बोलत नाही, असं दोघांचंही मत पडलं.

येताना एसटीत मामा तिकिटाची सुरळी करत बसले होते. सल्ला द्यायचा नाही ही अट त्यांना आत कुठेतरी लागली होती. बॉयलर सुटला होता, मुलगी सासरी गेली होती, रोह्याच्या बाजारात कुणीतरी “मामा, थांबू का घेऊ?” म्हणून अडवायचं, त्यावर त्यांचा दिवस उभा होता. पेणला गाडी थांबली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “हरून चालायचं नाय, जावईबापू.”

सामन्याच्या दिवशी कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन मामा रोह्याहून निघाले. टीव्हीवर चित्र दाखवणारं खास कार्ड त्यांनी आत बसवून घेतलं होतं. पेणपर्यंतच्या प्रत्येक खड्ड्याला ते सीटवरून अर्धवट उठत आणि खड्डा स्वतः सोसत. जोह्याच्या गाडीत बसलो तेव्हा कंडक्टर आमच्याकडे निरखून बघायला लागला. त्या गाडीने लोक जोह्याहून झाकलेलं काही घेऊन येतात. झाकलेलं घेऊन जोह्याला निघालेले आम्ही पहिलेच. त्याने आवाज उतरवून विचारलं, “मूर्ती भंगली का काय?” मामा म्हणाले, “भंगंल, पण त्याची.” कंडक्टरने अंगठा कपाळाला लावून नमस्कार केला आणि सामानाचं तिकीट फाडलं नाही.

कारखान्यात सगळे जमले होते. पुढे माणसं, मागे फळ्यांवर अजून डोळे न काढलेले गणपती. सून पदर खोचून ब्रश हातात घेऊन दाराशी उभी. आधी मामांची पाळी. तारा मी जोडल्या: पिवळी चित्राची, पांढरी आवाजाची. मामांनी अर्धा तास आधीच कॉम्प्युटर लावून ठेवला होता, गार मशीनवर लोड टाकू नये म्हणून. चित्र आलं, आणि खोटं कशाला सांगू, ते सुंदर होतं. रस्त्यावरचे पट्टे दिसत होते, डोंगर दिसत होते. मामांनी शिरस्त्याप्रमाणे गाडी भिंतीवर घातली आणि विटा दाखवल्या. माणसं पुढे सरकली. एक म्हातारा कारागीर म्हणाला, “खरंच गो बाय, दर्जा दिसतायत.” दर्जा म्हणजे विटांमधले सांधे; त्यांना दाद मिळालेली मामांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. कारखानदार मात्र जागचे हलले नाहीत. “आवाज बारीक हाय,” एवढंच म्हणाले.

मग त्यांची पाळी. मी तारा काढून त्यांच्या डब्याला लावल्या आणि बाजूला झालो. गेमचं संगीत सुरू झालं, चांगलं दणदणीत. मग मोटारींची घरघर. टीव्हीचा पडदा मात्र नुसता निळा होता, कोरा निळा. पिवळी तार नीट बसली नव्हती, लोंबत होती. ती लावायला मी वाकणार इतक्यात कारखानदार रिमोट हातात धरून पुढे झुकले, आणि मोठ्या अभिमानाने म्हणाले, “आभाळ बघ, बॉयलर. कसं निळं काढलंय.”

दोघे-तिघे हसले. त्यांना वाटलं, थट्टा चालली आहे. कारखानदारांचे अंगठे मात्र बटनांवर चालत होते. “आता वळण घेतो बघ. तुझ्यासारखी भिंतीत जात नाय माझी गाडी,” ते त्या रिकाम्या निळ्याकडे बघत म्हणाले, आणि आतून गाडी कशावर तरी धाडकन आदळल्याचा आवाज आला. “काका, चित्र...” कुणीतरी बोलायला लागलं. मामांचा हात वर झाला. बॉयलरवर प्रेशर चढलं की माणसांना जागच्या जागी थांबवायला ते असाच हात करत असावेत.  मामांनी दाराकडे बघितलं. सुनेने मान खाली घातली, आणि ती चहाला म्हणून आत निघून गेली. तिला माहीत होतं. मला ते सगळं तेव्हा कळलं, एकदम: भडक रंग, आवाजाची तारीफ, सोडून दिलेली बोटं. डोळे काढणाऱ्या माणसाचे डोळे गेले होते आणि तो ते साऱ्या गावापासून, साऱ्या गिऱ्हाइकांपासून लपवत होता. पिवळी तार मी तशीच लोंबू दिली.

मामा थोडा वेळ त्या निळ्या पडद्याकडे बघत राहिले. पुढे झुकून, भिंतीच्या विटा बघायचे तसे. मग म्हणाले, “बस. बंद कर.”

“का? अजून शर्यत हाय की.”

“बघितलं मी. हरलो. तुझं मशीन भारी हाय.” आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी उठून आपल्या हाताने सगळ्या तारा उपटल्या. कारखानदार आ वासून बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी हे वाक्य ऐकलं नव्हतं. मग त्यांनी मला विचारलं, “पंच काय म्हणतायत?” मी म्हटलं, “तुमचंच.” माझी बँकेची सगळी प्रतिष्ठा मी त्या एका शब्दावर घालवली.

परतीच्या गाडीला वेळ होता. मामा कारखानदारांच्या खांद्यावर हात टाकून अंगणात गेले आणि म्हणाले, “एक काम हाय. माझे डोळे हल्ली बरे नायत. पनवेलला दाखवायला जायचंय, एकट्याला भ्या वाटतंय. येशील सोबत?” कारखानदारांनी बोटांवरची शाडूची माती चोळून काढली. मग म्हणाले, “तुझे डोळे गेले म्हणूनच इतकी वर्षं हार मानत नव्हतास.” पण गेले. पनवेलच्या डॉक्टरांनी मामांचे डोळे तपासले, अगदी ठणठणीत निघाले, आणि मामा म्हणाले, “आलोच हाय तर ह्याचे पण बघा.” दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. कारखानदार समजत होते की डोळे गेले ते गेलेच. म्हणूनच ते कुणाला सांगत नव्हते. ऑपरेशन होईपर्यंत मामा तिथेच बाकावर बसून होते, मामींनी दिलेला पापडाचा डबा मांडीवर घेऊन. नर्सबाईंना त्यांनी डोळे तपासायच्या यंत्राची ताकद विचारली म्हणे.

मधल्या काळात मामांनी शब्द पाळला. रोह्याच्या एसटी स्टँडसमोरच्या चहावाल्याकडे, ओळखीची दहा-पंधरा माणसं बघून, ते उभे राहिले आणि म्हणाले, “बत्तीस बिटवाला जिंकला. मला आता कुणी काय विचारू नका.” लोकांना आधी गंमत वाटली, मग खरंच वाटलं. कुणीतरी चौसष्ट बिटांचं विचारलंच; मामांनी ओठ मिटले आणि जोह्याच्या दिशेला बोट केलं. पुढे पुढे रोह्याची माणसं खरोखर जोह्याला सल्ला मागायला जाऊ लागली, आणि कारखानदार त्यांना डब्याला कुठला रंग द्यायचा ते सांगायला लागले.

पुढच्या मोसमात मूर्तींचे डोळे पुन्हा कारखानदारांनी काढले. दृष्टी साफ झाल्यावर पहिल्या रविवारी त्यांनी आपला गेम लावला, जवळ जाऊन बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. “बॉयलर, हे लई भिकार हाय रे. तोंडावर नाक नुसतं चिकटवलंय. तुझं परत घेऊन ये बघू, परत निकाल लावू.” मामा चहा फुंकत राहिले. “निकाल लागला. एकदा लागला तो लागला.” कारखानदारांनी खूप आग्रह केला. मामा हलले नाहीत.

त्या दिवशी पेणच्या स्टँडवर रोह्याच्या गाडीची वाट बघताना मी म्हटलं, “मामा, आता काय हरकत आहे? त्यांना स्वतःलाच पटलंय.” मामांनी मिशीवरून हात फिरवला. “परत बसलो तर तो विचारंल, त्या दिवशी तुला काय चांगलं दिसलं होतं? मी काय सांगू त्याला? निळं?” गाडी लागली. खिडकीतून ते म्हणाले, “तुम्ही पण कधी बोलू नका हां.” कारखान्यातल्या एकाही माणसाने ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि सुनेने तर नाहीच नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी पेणला एका लग्नाच्या पंगतीत आम्ही तिघे शेजारी बसलो होतो. बाजूच्या माणसाने सहज विषय काढला, की मुलासाठी टीव्हीचा गेम बरा का कॉम्प्युटर बरा. कारखानदार खुलले. मामांच्या पाठीत थाप मारून म्हणाले, “ह्याला विचारा, कोण जिंकलं. सांग रे बॉयलर.” मी मामांकडे बघितलं. त्यांच्या तोंडाशी मेगाहर्ट्झ आलेलं मला दिसत होतं, रॅम आलेली दिसत होती. त्यांनी जिलबीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, “हाच जिंकला.” कारखानदार समाधानाने हसले आणि त्यांनी आपल्या पानातली जिलबी मामांच्या पानात टाकली. मला मामांचा फार अभिमान वाटला, आणि जरा वाईटही वाटलं, कारण त्यांचा कॉम्प्युटर खरोखरच भारी होता.